मेकॅनिकलवरून एरोस्पेस: गेटला एई द्यावा की एमई?

ओझरकर: धाकटा भाऊ मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विमानांचं डिझाइनच करायचं म्हणतो. गेटला (एमटेकची प्रवेश परीक्षा) एई, म्हणजे एरोस्पेसचा पेपर द्यावा, की एमई, म्हणजे मेकॅनिकलचा? क्लासवाले म्हणतात, एएमईचं (एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनीअर) लायसन्स काढ, तेही इंजिनीअरच.

पतंगदोरी: नावात 'इंजिनीअर' आहे म्हणून फसू नका. एएमई लायसन्स डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं नियामक खातं देतं, त्यांच्या सीएआर-६६ नियमांखाली. देखभालीनंतर विमान उडायला योग्य आहे, यावर सही करण्याचा तो अधिकार. लायसन्सच्या श्रेणींपैकी बी१ म्हणजे ढाचा आणि इंजिन, बी२ म्हणजे एव्हियॉनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा). परीक्षेच्या प्रत्येक मोड्यूलला ७५ टक्के हवेत, शिवाय प्रत्यक्ष देखभालीचा अनुभव. काम चांगलं आहे, पण डिझाइनचं नाही. डिझाइनला आपल्याकडे वैयक्तिक लायसन्स नसतं. पदवी बघतात आणि मंजुरी कंपनीला मिळते, सीएआर-२१ खाली.

मॅक_०७: आयआयटी किंवा आयआयएससीत एरोस्पेसचं एमटेक करायचं असेल तर एई द्या, पण त्या विभागाला एमईचा स्कोअर चालतो का ते आधी बघा. गेटचा पेपर ६५ प्रश्न, १०० गुण, ३ तास. त्यातले १५ गुण अ‍ॅप्टिट्यूडचे. स्कोअर ३ वर्षं चालतो.

थर्मोडायनॅमिक्स झालेलं असल्यामुळे प्रपल्शन (इंजिनांचा विषय) मेकॅनिकलवाल्यांना सोपं जातं. अडतं ते पातळ भिंतींच्या सेक्शनमधल्या शिअर फ्लोला (कातर-ताणाचा प्रवाह) आणि फ्लाइट मेकॅनिक्सला. फ्लाइट मेकॅनिक्सचा एक नमुना: कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) २ मीटर, न्यूट्रल पॉइंट (सीजी इथवर मागे आला की स्थिरता संपते) कॉर्डच्या ४० टक्क्यांवर, सीजी (गुरुत्वमध्य) ३० टक्क्यांवर. दोन्हींतलं अंतर, म्हणजे स्टॅटिक मार्जिन, १० टक्के, म्हणजे जेमतेम २० सेंटीमीटर. सामान मागे लादून सीजी तेवढा सरकला की मार्जिन शून्य. वाऱ्याच्या झोताने नाक वर गेलं तर ते आपोआप खाली येणार नाही. अंतरं पंखाच्या पुढच्या कडेपासून मोजायची आणि न्यूट्रल पॉइंटमधून सीजी वजा करायचा. उलटं केलं की चिन्ह बदलतं, स्थिर विमान कागदावर अस्थिर होतं.

ओझरकर: आणि न्यूमेरिकलमध्ये (उत्तराचा आकडा स्वतः टाकायचे प्रश्न) गुण कुठे जातात?

मॅक_०७: तापमानात. ध्वनीच्या वेगाच्या सूत्रात १५ अंश सेल्सिअस तसेच घातले तर ७८ मी/से येतो. २८८ केल्विन घातले तर ३४०. मधल्या पायरीवर राउंड करू नका. न्यूमेरिकलला उणे गुण नाहीत, तेव्हा कोरं सोडू नका. एमसीक्यूला (पर्यायी प्रश्न) मात्र १ गुणाच्या चुकीला १/३ कापतात.

पतंगदोरी: नोकरीचं म्हणाल तर इस्रोच्या सायंटिस्ट/इंजिनीअर 'एससी' या पदाच्या जाहिराती बहुधा मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटरच्याच असतात, ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीए अट. म्हणजे भावाची आत्ताची पदवीच तिथे चालते. शेवटच्या दोन सेमिस्टरना सीजीपीए घसरू देऊ नका.