अण्णांची १९९१ची एमएम ५४०: विकावी की चालू करावी?

कोयनाकाठचा

नमस्कार मंडळी. नोकरी पुण्यात, गाव पाटण तालुक्यात. गावी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या अण्णांची महिंद्रा एमएम ५४० उभी आहे. १९९१चं मॉडेल, एमएच-११ पासिंग, फोर व्हील, प्यूजो डिझेल इंजिन, चार गिअरचा बॉक्स. अण्णांनी ती नवी कोरी घेतली होती. दुधाचे कॅन, खताची पोती, लग्नाचं सामान, अडलेली बाळंतीण कराडला न्यायची वेळ, काहीही असलं तरी वाडीत तीच जीप निघायची. अण्णा आजारी पडले तेव्हापासून तिला चावी लागलेली नाही. आता ते नाहीत.

थोरला भाऊ म्हणतो, देऊन टाकू. एकजण बघून गेला, त्याला इंजिन आणि दोन्ही अ‍ॅक्सल हवेत, बाकीची भंगारात घालणार. दुसरा म्हणतो, मला द्या, नवीन इंजिन, पॉवर स्टेअरिंग, रुंद टायर टाकून ओळखू येणार नाही अशी करतो. आई म्हणते, ठेवायची तर चालती ठेवा, नुसती झाकून ठेवू नका.

मला ठेवायची आहे. गाडी चालवायला मी तिच्यावरच शिकलो, पण बॉनेटखालचं फारसं कळत नाही. सुरुवात कुठून करू? इंजिन जाम झालं असेल का? आणि मुळात, आजच्या काळात ही गाडी वापरता येते का? ज्यांच्याकडे आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

सड्यावरचा आंबेवाला

ठेव. आणि त्या दोघांपैकी कुणालाच देऊ नकोस.

मी लांज्याकडचा. कलमं वर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, घर खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला. माझ्याकडेही ५४०च आहे, प्यूजोवालीच, आणि मे महिन्यात आंब्याच्या पेट्या खाली उतरवायला आजही तीच जाते. त्यामुळे सांगतोय ते रोजच्या वापरातलं आहे.

पहिली गोष्ट, उत्साहाच्या भरात बॅटरी लावून स्टार्टर मारू नकोस. इतका काळ उभ्या राहिलेल्या इंजिनात लायनरवरचं, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिच्यावरचं, तेल पार उतरून गेलेलं असतं. कोरड्या लायनरवर पिस्टनच्या रिंगा घासल्या की चांगलं इंजिन बांधायला काढावं लागतं. चारही हीटर प्लग काढ, भोकांतून थोडं थोडं इंजिन ऑइल सोड आणि रात्रभर मुरू दे. सकाळी गाडी न्यूट्रलला ठेवून पुढच्या पुलीला पाना लावून हाताने फिरव. मोकळं फिरलं तर उत्तम. अडलं तर जोर करायचा नाही, पुन्हा ऑइल सोडायचं आणि थांबायचं. मग टाकी उतरवून जुनं डिझेल फेकून दे आणि टाकी आतून धू. तळाला काळा बुळबुळीत गाळ असतो, तो एकदा पंपात शिरला की खर्च दुप्पट. फिल्टर नवे, ऑइल नवं, मग हातपंपाने डिझेलच्या लाइनमधली एअर काढ आणि नंतरच चावी.

सुरू झाली म्हणून लगेच रस्त्यावर काढू नकोस. चारी चाकांना ड्रम आहेत, उभ्या गाडीचे व्हील सिलेंडर हमखास चिकटतात. सगळ्यांचे रबर बदल, मास्टर सिलेंडरचं किट बदल, होज पाइप बदल. अण्णांची जीप घाटात उतरणार आहे, ब्रेकमध्ये काटकसर नको. रेडिएटरही साफ करून घे, कारण हे इंजिन एकदा तापलं की पहिलं हेड गॅस्केट जातं.

पण माझ्या मते तुझी खरी परीक्षा इंजिनाची नाही, चेसिसची (खालच्या लोखंडी सांगाड्याची) आहे. प्यूजोचं हे २११२ सीसीचं इंजिन बांधणारे मिस्त्री अजून गावोगावी आहेत. गंजलेली चेसिस मात्र सहज परत उभी राहत नाही. लहान हातोडी घे, गाडीखाली पोतं टाकून आडवा हो आणि चेसिस मागून पुढे ठोकत ये. शाबूत लोखंड टण्ण वाजतं, खाल्लेलं भद्द वाजतं. सगळ्यात मागचा आडवा क्रॉस मेंबर, पाट्यांचे (स्प्रिंगांचे) शॅकल, म्हणजे टोकाचे हलते दुवे, जिथे बसतात त्या जागा आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, या तीन ठिकाणी जास्त वेळ घालव. चिखल तिथेच साचून राहतो. आमच्याकडे खारा वारा आणि जांभ्याची लाल माती, दोन्ही मिळून पत्रा खातात. तुमच्याकडे पाऊस दांडगा असला तरी हवा खारी नाही, त्यामुळे तुझी जीप माझ्यापेक्षा बऱ्या अवस्थेत निघेल असं वाटतं.

पुढच्या चाकांना आतल्या बाजूने बघ. टायरच्या आत ग्रीस-तेलाचे ओघळ दिसले तर नकलचं, म्हणजे चाक वळतं त्या सांध्याचं, सील गेलंय. सील बदलताना किंग पिनची (ज्या खिळीवर चाक वळतं तिची) बेअरिंग आणि शिम (पातळ चकत्या) बघूनच घे. पन्नासच्या स्पीडला स्टेअरिंग थडथडायला लागतं ते बहुतेक वेळा तिथूनच. लोक उगाच टायर बदलत बसतात.

आता वापरता येते का, याचं उत्तर. हायवेवर सत्तरच्या वर तिला पळवू नकोस, तिथे ती कष्टी होते. तिची जागा दुसरी आहे. आमच्या सड्यावरून उतरणारी वाट जांभ्यात कापलेली, एका बाजूला धस, आणि मे अखेरचा वळीव पडून गेला की वरची लाल माती साबण होते. मागे पेट्या भरलेल्या असतात. वरच्या सपाटीला गाडी उभी करायची, एका लिव्हरने पुढचा अ‍ॅक्सल जोडायचा, दुसऱ्याने लो, म्हणजे कमी वेगाचा जोरदार गिअर, टाकायचा. पहिला गिअर, आणि दोन्ही पाय पेडलवरून काढून घ्यायचे. ब्रेक नाही, क्लच नाही. ट्रान्सफर केसचा (दोन्ही अ‍ॅक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) लो जवळजवळ अडीचपट आहे, त्यामुळे इंजिनच गाडीला धरून खाली आणतं, माणसाच्या चालीने. टर्र टर्र असा एकसारखा आवाज आणि बॉनेटच्या कडेवरून खालची कौलं दिसत असतात. आंब्याला धक्का लागत नाही. हे काम इतक्या निवांतपणे करणारी दुसरी गाडी माझ्या पाहण्यात नाही.

डांबरीवर मात्र फोर व्हील टाकायचा नाही. मध्ये डिफ (पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नाही, त्यामुळे वळणावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि लिव्हर अडकून बसतो. अडकलाच तर हातोडी घेऊ नकोस, थोडं सरळ रिव्हर्स घे, सुटतो.

रुंद टायरवाल्याचा नाद सोड. हिला सहा-सोळाचे अरुंद टायर दिलेत ते विचार करूनच. चिखल कापून ते खालच्या घट्ट जमिनीला लागतात. जड चाकं लावलीस की सगळा भार किंग पिनवर आणि स्टेअरिंग बॉक्सवर येतो. शिवाय तुझ्याकडे काय आहे ते ओळख. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विलीज एमबी जीपपासून चालत आलेली ही वंशावळ. महिंद्राने १९४९ साली मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली, आणि तुझी ५४० त्याच घरातली, फक्त व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ८० इंचांचा ९१ झाला आणि पेट्रोलच्या जागी डिझेल आलं. सपाट मडगार्ड, पुढे पाडता येणारी काच, दरवाजाऐवजी कॅनव्हास, हात घालावा तिथे पाना बसतो. कुठल्याही गावातल्या मिस्त्रीला रस्त्याच्या कडेला दुरुस्त करता यावी अशी ती आखलेली आहे. ते मोडून तिच्यात आणखी काय घालायचं?

रंग शेवटी. आधी एक अख्खा पावसाळा चालव.

कागदं आधी

आंबेवाले काकांनी गाडीचं सगळं सांगितलंय, मी फक्त कागदांचं लिहिते. विम्याच्या कामामुळे हे रोज बघते.

वडील वारले असल्यामुळे आधी वारसाच्या नावावर हस्तांतरण, त्याचा फॉर्म ३१. मृत्यूचा दाखला आणि आई व भावाची संमती लागेल. म्हणून घरातला निर्णय आधी पक्का करा. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण, त्याचा फॉर्म २५. तुमचं शेवटचं कधी झालं ते आरसी बुकात बघा. मधली मुदत उलटली असेल तर विलंब शुल्क बसेल, सोबत पर्यावरण कर. गाडी तपासणीला प्रत्यक्ष न्यावी लागते, म्हणजे दिवे, ब्रेक, हॉर्न चालू हवेत. आरसीवर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा दिसत असेल, कर्ज कधीच फिटलेलं असलं तरी, तो आधी उतरवून घ्या. सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ट्रेस काढा आणि आरसीशी एकेक आकडा ताडून बघा. इंजिन नंबरही. मूळ मालकाच्या घरातली, जुळत्या नंबरांची जीप आता दुर्मीळ होत चाललीय. बाजारात अनेक जीपा तीन गाड्यांचे तुकडे एकत्र करून उभ्या केलेल्या असतात आणि कागद चौथीचेच असतात. दुसऱ्या गृहस्थांना देऊन नवीन इंजिन बसवायचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२खाली कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे स्पष्ट केलंय. उद्या अपघात झाला तर विम्याचा दावा अडकेल. त्याच जातीचं इंजिन टाकायचं असेल तरी परवानगी घ्या आणि आरसीवर नोंद करून घ्या.

हाय बॉनेट, सांगली

माझ्याकडे सीजे-३बी आहे, विलीजच्याच घराण्यातली उंच बॉनेटची जीप, पेट्रोल. विलीजच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच राहिले. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्याच्यासाठी बॉनेट उचलावं लागलं. अमेरिकेत ती १९६८ला बंद झाली, महिंद्राने मात्र पुढेही चालू ठेवली. आमच्या भागात वडापला (माणसं भरून नेणाऱ्या खासगी वाहतुकीला) अशाच जीपा होत्या, मागच्या फळीवर पाय ठेवून लोंबकळत शाळेत गेलेली आमची पिढी. म्हणून मी घेतली.

आंबेवाल्यांच्या एका गोष्टीशी माझं जमत नाही. ठोकल्यावर गंज लागला असेल तर पावसाळाभर चालवू नका. बॉडी चेसिसवरून उचला, चेसिस उघडी करून साफ करा, जोडकाम करा, आतून बाहेरून प्रायमर मारा, मगच बॉडी बसवा. वरून ठिगळ मारलेलं एका पावसात उघडं पडतं. काम मोठं आहे, पण ते एकदाच करावं लागतं.

व्हिंटेज नोंदणीबद्दल कुणीतरी विचारेलच. २०२१च्या नियमांनुसार गाडी ५० वर्षांपुढची आणि मूळ स्वरूपातली हवी. तेव्हा व्हीए मालिकेतला नंबर मिळतो, पण मग रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. तुमची १९९१ची, तिला २०४१ उजाडेल. साधं नूतनीकरणच करा, ती चालवायची गाडी आहे.

सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुना पार्ट हातात घेऊन जा, नुसतं नाव सांगून चुकीचा मिळतो.

कोयनाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी गावी जाऊन आलो. भावाला हा धागा दाखवला, वाचून तो काही बोलला नाही, पण पाना त्यानेच धरला. ऑइल टाकून ठेवलं होतं, रविवारी सकाळी इंजिन फिरलं! जड फिरलं, पण अडकलं नाही. नंबर दोन्ही जुळले. बोजा आहे, गावच्याच सोसायटीचा, दाखला मिळेल.

हातोडीने ठोकून बघितलं. पुढून मागेपर्यंत टण्ण, फक्त मागचा आडवा क्रॉस मेंबर उजव्या टोकाला भद्द. बोट दाबलं तर पापुद्रा निघाला. शॅकलच्या जागा ठीक आहेत. एवढ्यासाठी बॉडी उचलावी लागेल का?

सड्यावरचा आंबेवाला

फार आनंद झाला बघ. भाऊ पाना धरतोय, मग संमतीचा कागद झालाच समज.

सांगलीकरांचं म्हणणं रास्त आहे, अख्खी चेसिस खाल्लेली असती तर मीही बॉडी उचलायलाच सांगितलं असतं. तुझा एकच मेंबर आहे, तोही टोकाचा. मागचे बॉडीचे बोल्ट सोडून, मागची बाजू जॅकवर थोडी उचलून तो बदलता येतो. वरून पट्टी मारायला मिस्त्री सुचवेल, ऐकू नकोस. गंजलेला भाग निरोगी लोखंडापर्यंत कापून काढायला लाव आणि त्याच जाडीचा पत्रा घ्यायला लाव. मागचा हूक त्याच मेंबरवर असतो, उद्या कुणाची ट्रॉली चिखलातून ओढशील तेव्हा सगळा ताण तिथेच येणार आहे. कापण्याआधी दोन्ही बाजूंच्या पाट्यांमधलं अंतर मोजून लिहून ठेव, नाहीतर मागचा अ‍ॅक्सल तिरका बसतो.

टाकी धुवायला उतरवलीयस ना, मग वेल्डिंग होईपर्यंत ती परत चढवू नकोस. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढून ठेव. आणि व्हील सिलेंडरची किटं आणायला नाना पेठेत जाशील तेव्हा एक जुना सिलेंडर सोबत ने, पुढचे आणि मागचे वेगळे असतात.