ताणाने मान-खांदे आखडतात. कायरोप्रॅक्टिकचा उपयोग होतो का?

प्रश्न:
ताण वाढला की मान आणि खांदे आखडतात. संध्याकाळपर्यंत डोक्याच्या मागून सुरू झालेलं दुखणं कपाळापर्यंत येतं. हाताला मुंग्या नाहीत, ताप नाही, कधी पडझड झालेली नाही. कायरोप्रॅक्टरकडून (हाताने मणके आणि सांधे हलवून उपचार करणारा) मान मोकळी करून घेतली तर ताण खरंच उतरतो का? किती वेळा जावं लागतं? आणि मानेला झटका देणं कितपत सुरक्षित आहे?

प्रतिसाद १:
ताणात खांदे नकळत कानांकडे उचलले जातात, दात आवळले जातात आणि श्वास वरवर चालतो. मग श्वास ओढायचं कामही मानेच्या स्नायूंवर येतं. कवटीच्या बुडाशी असलेले छोटे स्नायू तासन्तास असे ताठ राहिले की त्यांचं दुखणं कपाळात जाणवतं.

झटक्याने हा ताठरपणा सैल होतो, पण काही काळापुरताच. खांदे वर चढवणारं कारण तसंच राहिलं तर मान पुन्हा आखडते. त्यामुळे 'ताणावर उपचार' असं म्हणणं मला पटत नाही. ताणाने आखडलेल्या अंगाला मिळालेली उसंत म्हणा. रोगप्रतिकारशक्ती वाढते वगैरे दाव्यांना भक्कम आधार नाही. कंबरदुखीत थोडाफार फायदा दिसतो, पण ब्रिटनच्या 'नाइस' या उपचारांबाबत सूचना देणाऱ्या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही हाताने केलेले उपचार व्यायामाच्या जोडीनेच घ्यायला सांगितले आहेत.

'कट्' आवाजाने हाड जागेवर बसतं, हाही गैरसमज. सांधा झटकन ताणला की आतल्या द्रवाचा दाब घटून वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. तोच सांधा पुढची साधारण २० मिनिटं परत वाजत नाही. आवाज आला नाही म्हणजे उपचार फसला असं नाही, आणि आवाजासाठी घरी स्वतःची मान पिरगाळू नका.

प्रतिसाद २:
सुरक्षिततेबद्दल. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतून वर जातात आणि पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी वळण घेतात. मान जोरात फिरवल्यावर क्वचित धमनीचं आतलं अस्तर फाटतं, तिथे गुठळी होते आणि पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचितच होतं, पण झालं तर फार गंभीर. शिवाय अस्तर आधीच फाटलेलं असेल तर त्याचं पहिलं लक्षण अनेकदा मानदुखी किंवा डोकेदुखीच असतं. म्हणून पूर्वी कधीच न झालेली, अचानक उठलेली मानदुखी असेल तर आधी डॉक्टर.

हाडं ठिसूळ असणं, संधिवाताने मानेचे सांधे सैल होणं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कर्करोग, जुनी इजा, यांपैकी काहीही असेल तर झटका नको. पहिल्या भेटीत हे विचारलं नाही, हातापायांची ताकद आणि संवेदना तपासली नाही, तर टेबलावर झोपूच नका. झटक्याशिवाय हळूहळू सांधा हलवण्याची पद्धतही असते; मानेसाठी तीच मागून घ्या, हे माझं ठाम मत.

उपचारानंतर चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं, चालताना तोल जाणं, यांपैकी काहीही झालं तर घरी थांबू नका, थेट तातडीच्या विभागात जा.

प्रतिसाद ३:
किती वेळा? आधीच वर्षभराचं पॅकेज घेऊ नका. चार-पाच भेटींनंतर फरक मोजा: खुर्चीत ताठ बसून मान उजवीकडे वळवा, डोळ्यांसमोर नेमकं काय येतं ते लिहून ठेवा, मग डावीकडे. दर आठवड्याला त्याच खुर्चीतून पाहा. नजर पुढे सरकली नाही आणि दुखणंही कमी झालं नाही, तर थांबा.

मान मोकळी झाली की त्याच दिवशी व्यायाम सुरू करा. पाठ आणि डोकं भिंतीला टेकवा, टाचा अर्धं पाऊल पुढे. हनुवटी सरळ मागे न्या, जणू डोक्याची मागची बाजू भिंतीवर वर सरकतेय. ५ सेकंद धरा, १० वेळा, दिवसातून दोनदा. बहुतेक जण हनुवटी छातीकडे झुकवतात. मग मणका वाकतो आणि ज्या खोल स्नायूंना काम द्यायचं ते तसेच राहतात. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ताठ झाल्या तर जोर जास्त लागतोय.

श्वासासाठी पोटावर हात ठेवून ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, रोज ५ मिनिटं. बोटांना मुंग्या आल्या तर श्वास गरजेपेक्षा मोठा घेताय. लय तीच ठेवा, फक्त कमी हवा ओढा.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद. दात आवळले जातात हे लक्षातच आलं नव्हतं. त्यासाठी काय करावं?

प्रतिसाद ३:
ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या टाळूला अलगद टेकलेलं. दर तासाला एकदा तपासा. सकाळी उठल्यावरच जबडा दुखत असेल तर रात्री दात खाल्ले जात असतील, ते दंतवैद्याला दाखवा.