हॅमस्टर रात्रभर गज चावतो: बिघाड डोक्यात की पिंजऱ्यात?

चिंगीचा बाबा: लेकीचा हॅमस्टर रात्रीचे ११ वाजले की डाव्या कोपऱ्यातला गज दातांत धरतो, ते पहाटेपर्यंत कट् कट् कट्. गजाचा रंग उडाला, नाकावरचे केस गेले. दुकानदार म्हणाला, "दात शिवशिवतात, लाकूड द्या." दिलं. ते तसंच पडलंय. मला विचाराल तर हा मेंदूतला रासायनिक घोळ. उंदराला ॲम्फेटामिन हे उत्तेजक औषध टोचलं की डोपामिन, म्हणजे हालचालीला चालना देणारं मेंदूतलं रसायन, उसळतं आणि तोही असाच एका जागी हुंगत-चावत राहतो. मग औषध का नको?

बिळकर: आधी पिंजरा मोजा.

चिंगीचा बाबा: दीड फूट बाय एक फूट. चाक आहे आत.

बिळकर: म्हणजे साधारण १४०० चौरस सेंमी. स्वित्झर्लंडमध्ये चार मापांच्या पिंजऱ्यांत हॅमस्टर ठेवून पाहिले होते (२००७), १८०० पासून १०,००० पर्यंत. लहान पिंजऱ्यात गज चावणं जास्त. तुमचा तर त्यांच्या लहानातल्या लहानाहूनही लहान! त्याआधी भुशाचा थर कमी-जास्त जाड करून पाहिला होता. १० सेंमीवाले सर्वांत जास्त चावायचे, ८० सेंमीवाल्यांनी गजाला तोंडही लावलं नाही. सीरियातला, बिळात राहणारा प्राणी ट्रेमध्ये ठेवायचा आणि वर गोळी द्यायची?

उगाच एक: चाकावर पळणं तरी काय वेगळं? तोही चाळाच.

बिळकर: नेदरलँड्समध्ये उघड्यावर चाकं ठेवली होती, २०१४ चा लेख आहे. मोकळे उंदीर आपणहून येऊन पळाले. बेडूक, गोगलगायीसुद्धा चढल्या म्हणे!

लॅबवाली: ॲनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, काम करते, जाळीच्या झाकणाला लटकून चावणारे उंदीर रोज बघते. बिळकर, पिंजरा कारण आहे, मान्य. पण रसायन म्हणजे थोतांड असा सूर नको. फ्लोरिडात मार्क लुईस यांच्या गटाने डिअर माऊस जातीचे उंदीर पाहिले. साध्या पिंजऱ्यात ते उड्या नि उलट्या कोलांट्या मारत सुटतात. जे जास्त मारतात, त्यांच्या स्ट्रायटममध्ये, म्हणजे मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागात, एन्केफॅलिन कमी सापडलं. हालचालीला आवर घालणाऱ्या मार्गातल्या पेशींचं हे रसायन. म्हणजे ॲक्सिलरेटर अडकलेला नाही, ब्रेक ढिला आहे. बाबा, नुसत्या डोपामिनने हे उलगडत नाही. आणि असल्या ढिल्या ब्रेकच्या उंदरांवर आम्ही औषधं तपासतो, 'नॉर्मल' म्हणून! माझी खरी तक्रार ती.

बिळकर: पण ब्रेक ढिला केला कुणी? जर्बिल या बीळ करून राहणाऱ्या, उंदरासारख्या प्राण्याच्या पिल्लांवरचा १९९७ चा प्रयोग बघा. वाळू दिली तरी ती कोपऱ्यात खणतच राहिली. ज्यांना बोगदा आणि आत कोठडी मिळाली, त्यांना चाळा लागलाच नाही. त्यांना खणायचं नव्हतं हो, बीळ हवं होतं.

लॅबवाली: लागला नाही, बरोबर. लागलेला सुटतो का, ते वेगळं.

चिंगीचा बाबा: दहा दिवसांनी लिहितोय. औषध राहू दिलं. भावाकडची माशांची जुनी टाकी आणली, चार फुटी. अर्धी भुशाने भरली. बायको म्हणते, हॉलमध्ये शेत केलंय. साहेब दिवसभर खाली गायब. पण रात्री ११ ला वर येतो, डाव्या कोपऱ्यात काचेला नाक लावून तोंड हलवतो. गज नाही, काही नाही. दहा मिनिटं. मग खणायला जातो.

बिळकर: दहाच मिनिटं ना? आधी पहाट व्हायची.

लॅबवाली: कोपरा मात्र तोच.