आडनावाचं मूळ गाव आणि घराण्याचं मानचिन्ह कसं शोधायचं?

प्रश्न: आमचं आडनाव गावावरून पडलंय, पण त्या नावाची गावं दोन जिल्ह्यांत आहेत. आपलं कोणतं, हे कसं ठरवायचं? आणि आडनावाचं 'कोट ऑफ आर्म्स' (मानचिन्ह) विकत मिळतं, ते घ्यावं का?

उत्तर १: ते मुळीच घेऊ नका. इंग्लंडातही मानचिन्ह आडनावाला नसतं, व्यक्तीला बहाल होतं आणि तिच्या वंशजांकडे जातं. आपल्याकडे 1877 च्या दिल्ली दरबारात संस्थानिकांना तशी चिन्हं असलेले झेंडे दिले गेले, एवढंच. आपली खरी खूण म्हणजे कुलदैवत आणि देवक. लग्नात कळंबाची डहाळी पुजतात की पंचपल्लव, हे घरातल्या थोरल्या बायकांना विचारा.

उत्तर २: आधी पणजोबांच्या शाळेतला दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढा. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 (जन्म-मृत्यू) मागा. आडनावाने शोधाल तर हाती काही लागणार नाही, कारण जुन्या नोंदी बहुधा 'बाळा बिन रामा' (म्हणजे रामाचा मुलगा बाळा) अशा असतात. म्हणून बापाचं नाव, गाव आणि जात धरून शोधा. मजकूर मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. अंदाजाने वाचलं की भलतीच शाखा जोडली जाते.

उत्तर ३: नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही बघाच. तिथे येऊन गेलेल्या पूर्वजांची नावं, गावासकट, पिढ्यांनुसार सापडतात. दोन्ही गावं सांगा. ज्या गावाखाली पणजोबा निघतील, ते तुमचं. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही मात्र वतनाची नावं, त्यांच्यामागचं मूळ आडनाव आधी शोधावं लागतं.