बॅटरीच्या टर्मिनलचा चौकोनी नट हरवला आहे. बदली नट कोणत्या मापाचा घ्यावा?

रामबागकर (इंदूर) यांचा प्रश्न:
नमस्कार. पावसाळ्यापूर्वी मोटारसायकलची बॅटरी काढून टर्मिनल साफ करीत असताना निगेटिव्ह बाजूच्या खाचेतील चौकोनी नट निसटून खाली गेला आणि त्याबरोबर स्प्रिंग वायसरही नाहीसा झाला. बोल्ट माझ्याजवळ आहे. बॅटरी १२ व्होल्टची, मेंटेनन्स फ्री प्रकारची आहे. अंगणात कंदील-बॅटरी घेऊन शोध घेतला, परंतु नट मिळाला नाही; आणि आपल्या शहरात खाली पडलेली वस्तू सकाळच्या झाडलोटीतून वाचण्याची आशा कोणी करू नये. शोरूमच्या पार्ट्स काउंटरवर हा नट सुटा मिळत नाही असे सांगण्यात आले, तर एका मेकॅनिकने तांब्याची तार गुंडाळून काम भागवा, असे सुचवले. गाडी फ्युएल इंजेक्शनची असून तिला किक नाही आणि मला रोज पीथमपूरला जावे लागते. तारेवर भरवसा ठेवावा का? नसल्यास नटाचे माप कसे ठरवावे?

सांवेर रोडवाला यांचे उत्तर:
तारेचा मार्ग कृपया अवलंबू नये. सेल्फ मारताना बॅटरीतून घरातल्या उपकरणांच्या तुलनेत फार मोठा प्रवाह वाहतो आणि सैल जोडणी तिथेच तापते. इंजेक्शनच्या गाडीत तर खड्ड्यातून जाताना जोडणी क्षणभर तुटली, तरी कंट्रोल युनिट बंद होऊन इंजिन चालत्या रस्त्यावर थांबू शकते.

नवा नट आणण्याआधी जुना नट गाडीतच अडकलेला नाही याची खात्री करून घ्यावी, कारण अंगणात न सापडलेला नट बहुतेक वेळा बॅटरीच्या ट्रेखाली, एअर फिल्टरच्या डब्यावर किंवा वायरिंगच्या जुडग्यात पडून असतो. तेथून तो पुढे घरंगळत पुढच्या स्प्रॉकेटपाशी गेला तर चेन अडकू शकते, आणि पॉझिटिव्ह टर्मिनल व सांगाडा यांच्यामध्ये आला तर शॉर्ट होतो. मुख्य फ्यूज या शॉर्टपासून वाचवतोच असे नाही, कारण सेल्फची जाड वायर त्या फ्यूजमधून जात नाही. बॅटरी पूर्ण बाहेर काढून काडीला लावलेला चुंबक सर्व कोपऱ्यांतून फिरवावा. नट जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा असेल तर लगेच चिकटेल.

आता मापाविषयी. दुचाकीच्या बॅटऱ्यांना सहसा ५ किंवा ६ मिलिमीटर व्यासाचे आटे असतात. ५ च्या बोल्टवर दोन आट्यांतील अंतर ०.८ मिलिमीटर आणि ६ च्या बोल्टवर १ मिलिमीटर असते. व्हर्निअर नसेल तर साध्या पट्टीवर दहा आट्यांची लांबी मोजावी: ती ८ मिलिमीटर भरली तर बोल्ट ५ चा, १० भरली तर ६ चा. दुकानात गेल्यावर नवा बोल्ट जुन्याला आडवा टेकवून दोघांचे आटे एकमेकांत बसतात का, हेही पाहता येते. मात्र केवळ आटे जुळून भागत नाही. खाचेच्या भिंती नटाला फिरू देत नाहीत, म्हणून नटाची रुंदीही खाचेला जुळली पाहिजे. ५ च्या चौकोनी नटाची ती साधारण ८ आणि ६ च्या नटाची १० मिलिमीटर असते. सर्वात सोपे म्हणजे पॉझिटिव्ह बाजूचा नट नमुना म्हणून खिशात टाकून सियागंजच्या बाजारात जाणे.

पाना-पक्कड यांचे उत्तर:
चौकोनी नट शोधत हिंडण्याची एवढी गरज नाही. ५ च्या साध्या षटकोनी नटाची दोन समोरासमोरच्या बाजूंमधील रुंदीही ८ मिलिमीटरच असते, त्यामुळे तो त्याच खाचेत बसतो व फिरत नाही. असा नट कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

सांवेर रोडवाला:
आपले म्हणणे बरोबर आहे, पण त्यात दोन अटी घालतो. षटकोनी नटाच्या फक्त दोन अरुंद कडा भिंतींना टेकतात, म्हणून जोर जास्त लावल्यास मऊ शिशाची भिंत ओरबाडली जाते. दुसरे असे की, षटकोनी नट बहुधा जाड असतो आणि खाच उथळ असेल तर त्याचे छिद्र टर्मिनलच्या छिद्रासमोर येत नाही. तातडीसाठी वापरावा, पुढे चौकोनी मिळाला की बदलावा.

छावणीचा वाचक:
बॅटरीच्या दुकानात विचारून पाहा. नवी बॅटरी देताना जुनी परत घेतली जाते आणि पुष्कळदा तिचे नट-बोल्ट तिच्यासोबतच आलेले असतात. चांगला दुकानदार दोन नट सहज काढून देतो.

रामबागकर:
सर्वांचे आभार. पट्टीवर दहा आटे ८ मिलिमीटर भरले, म्हणजे माप ५ चे आहे. चुंबकाला नट एअर फिल्टरच्या डब्याच्या मागे लागला, पण त्याचे आटे गंजून खराब झाले आहेत, त्यामुळे तो बदलावाच लागेल. आता दुकानदार स्टेनलेसचा आग्रह धरतो आणि बोल्टही थोडा लांब देतो. दोन्ही घ्यावे काय?

सांवेर रोडवाला:
स्टेनलेस गंजत नाही म्हणून घेण्यास हरकत नाही. प्रवाह मुख्यतः वायरच्या टोकाची भोकाची चकती आणि टर्मिनलचे शिसे यांच्या प्रत्यक्ष स्पर्शातून जातो. नट-बोल्ट केवळ दाब देतात. फक्त एवढे लक्षात असू द्या की, असा नट पुन्हा पडला तर चुंबक त्याला फारसा धरणार नाही. लांब बोल्ट मात्र घेऊ नये. त्याचे टोक खाचेच्या तळाला टेकते, हाताला तो घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि चकती सैलच राहते. तक्रारी बहुतेक इथूनच सुरू होतात. जुना बोल्ट ठीक असल्यास तोच वापरावा. नट खाली बसत असेल तर त्याच्याखाली सायकलच्या ट्यूबचा छोटा तुकडा ठेवून छिद्रे समोरासमोर आणावीत.

जोडताना आधी पॉझिटिव्ह आणि शेवटी निगेटिव्ह, काढताना याच्या उलट, हा क्रम पाळावा. निगेटिव्ह सुटलेली असेल तर पाना सांगाड्याला लागूनही ठिणगी उडत नाही. बोल्ट मनगटाच्या जोरानेच आवळावा, वर व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा आणि पुढच्या वेळी वायर सुटताच बोल्ट लगेच त्याच नटात दोन आटे फिरवून ठेवावा. शेवटी मल्टिमीटर असल्यास त्याची एक काडी टर्मिनलच्या शिशावर आणि दुसरी वायरच्या चकतीवर धरून सेल्फ दाबून पाहावा. आकडा शून्याजवळ राहिला पाहिजे; तो ०.२ व्होल्टच्या वर गेला, तर चकती पुन्हा काढून दोन्ही पृष्ठभाग घासून जोडावे.