विज्ञानकथेचं वेड: मिरवायचं की मुकाट वाचायचं?

धूमकेतू

पुण्यात वेड असणं प्रतिष्ठेचं आहे. फक्त कसलं वेड चालेल याची यादी ठरलेली आहे. सवाईसाठी रजा टाकणाऱ्याकडे ऑफिसात आदरानं बघतात. दर रविवारी राजगड नाहीतर तोरणा करणाऱ्याचं कौतुक होतं. पुरुषोत्तमच्या तालमींपायी ज्यानं परीक्षा बुडवली, त्याचे किस्से घरचेच पुढे वर्षानुवर्षं रंगवून सांगतात. पण चाळिशीच्या माणसानं "मी विज्ञानकथा वाचतो" म्हटलं, की समोरून एकच शब्द येतो: "अजून?"

म्हणजे विज्ञानकथा ही फास्टर फेणेच्या शेजारच्या कप्प्यात ठेवायची आणि दहावीला आलं की रद्दीत घालायची चीज. आपणही ते मुकाट मान्य करून बसलोय. लग्नकार्यात कुणी "सध्या काय वाचताय?" विचारलं, की चटकन एखाद्या चरित्राचं नाव सांगून मोकळे होतो.

माझं म्हणणं, लपवणं बंद करा. लोक गीक म्हणतील, म्हणजे एकाच विषयात बुडालेला येडा, म्हणू देत. डेस्कवर गणपतीशेजारी यानाचं मॉडेल ठेवा, कुणी विचारलं तर भरभरून बोला. आपल्यासारखे कोण कुठे आहेत ते त्याशिवाय कळणार कसं? १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅकनं अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढलं. त्यात वाचकांची पत्रं पूर्ण पत्त्यानिशी छापून यायची. मग लोक संपादकाला सोडून एकमेकांनाच पत्रं लिहायला लागले, त्यातून ठिकठिकाणी क्लब निघाले आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. पत्ते छापलेच नसते तर ही मंडळी आपापल्या खोलीत वाचत बसली असती. आणि एकत्र आलेल्या वेड्यांचं वजन बघा. नासाच्या पहिल्या शटलचं, म्हणजे विमानासारखं परत उतरणाऱ्या अवकाशयानाचं, नाव 'कॉन्स्टिट्यूशन' ठरलं होतं. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी व्हाइट हाऊसवर पत्रांचा असा भडिमार केला की १९७६ मध्ये ते त्या मालिकेतल्या यानावरून 'एंटरप्राइझ' झालं.

मतं येऊ द्या. विरोधी असतील तर जास्त बरं, गुळमुळीत +१ नकोत.

पेठेतला संशयात्मा

+१ देत नाही, निश्चिंत राहा.

ते 'एंटरप्राइझ' अवकाशात कधी गेलंच नाही, हे सांगायचं राहिलं वाटतं. त्याला चालणारी इंजिनं नव्हती आणि खरं उष्णतारोधक कवचही नव्हतं. १९७७ मध्ये ते एका जंबो विमानाच्या पाठीवर बसवून वर न्यायचे, सोडायचे आणि धावपट्टीवर नीट उतरतं का ते बघायचे, एवढंच त्याचं काम. चाहत्यांनी हट्टानं नाव मिळवलं ते नेमकं न उडालेल्या यानाला! ओळख मिरवण्याच्या प्रकाराला याहून चपखल उदाहरण मला शोधूनही सापडलं नसतं.

माझा आक्षेप वाचण्याला नाही, मीही शाळेपासून वाचतोय. 'मी वाचणारा आहे' असं पद भूषवण्याला आहे. एकदा पद घेतलं की आधी टी-शर्ट येतो, मग कॉफीचा मग, मग काचेच्या कपाटातल्या बाहुल्या. पुस्तक तेवढं राहून जातं.

आणि मराठीतला सगळ्यात मोठा दाखला तुमच्या विरोधात जातो. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या अक्षरात लिहून पाठवलेली. पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा कुठे खरं नाव कळलं. गोष्ट गोष्ट म्हणून जोखली जावी, एवढीच त्यांची इच्छा. मिरवायचं असतं तर त्यांच्याइतका हक्क कुणाला होता?

धूमकेतू

@संशयात्मा, दाखला माझ्याच बाजूचा आहे. नारळीकरांनी नाव लपवलं कारण नाव मोठं होतं आणि परीक्षक दबले असते. वेड कुठे लपवलं? त्यानंतर आयुष्यभर उघड, स्वतःच्या नावानं लिहिलं. तोवर खगोलशास्त्रज्ञानं विज्ञानकथा लिहिणं म्हणजे रिकामपणचा उद्योग समजला जायचा. ज्यांनी १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, तेच पोरांसाठी परग्रहवासीयांच्या गोष्टी लिहीत होते, आणि २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आलं. गेल्या काही वर्षांत या प्रकाराला जी काही इज्जत आली, ती एका माणसानं न लाजता लिहिल्यामुळे.

एंटरप्राइझबद्दल म्हणाल तर बरोबर आहे. पण उतरण्याच्या त्या चाचण्या झाल्या नसत्या तर पुढची शटलं उतरली असती का?

सुतळीबॉम्ब

दोघांनाही इनो. चालू द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अर्धविराम

धूमकेतू, ओळख स्वीकारा म्हणणं सोपं आहे. दारात उभं राहून प्रश्नपत्रिका वाटणारी मंडळी तुम्हाला भेटली नसावीत.

फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका कॅफेत चाहत्यांची बैठक होती. माझ्या टी-शर्टवर एका यानाचं चित्र. नाव नाही, गाव नाही, एका सद्गृहस्थांचा पहिला प्रश्न: "हे कितव्या सीझनमधलं डिझाइन, माहितीये का?" उत्तर दिलं. मग दुसरा प्रश्न. मग कप्तानाचं मधलं नाव. शेजारी माझा भाऊ उभा, अंगात तसलाच टी-शर्ट. त्याला कुणी हटकलं नाही. त्या बेट्यानं ती मालिका पाहिलेलीसुद्धा नाही, माझ्या कपाटात त्याच्या मापाचा हाच एक सापडला म्हणून घातलेला.

आणि तुम्ही ज्या १९३९ च्या संमेलनाचे गोडवे गाताय, तिथे काय झालं तेही सांगा. सहा चाहत्यांना दारातूनच परत पाठवलं. त्यात डोनाल्ड वोल्हाइम आणि फ्रेडरिक पोल होते, पुढे दोघंही नावाजलेले संपादक झाले. दोन गटांची जुनी भांडणं, त्यात हे आत पत्रकं वाटून गोंधळ घालतील अशी आयोजकांना धास्ती. आयझॅक असिमॉव त्याच टोळक्यातला, पण तो आत गेला. म्हणजे पहिल्याच संमेलनाला दरवाजा आधी आणि सतरंजी नंतर.

त्याच संमेलनात फॉरेस्ट अकरमन भविष्यातल्या माणसाच्या पोशाखात हिंडला, त्याचे फोटो आजही फिरतात. पोशाख शिवला होता मर्टल डग्लस या बाईंनी. त्या स्वतःही तसलाच वेष करून बरोबर होत्या. किती 'खऱ्या' चाहत्यांना हे नाव माहितीये? हा माझा प्रश्न, दारातला.

हीटगन

पोशाखाचा विषय निघाला म्हणून लिहितो, एरवी वाचनमात्र असतो.

मी फोमची चिलखतं करतो. लहान मुलांच्या खेळायच्या चटया असतात ना, तुकडे एकमेकांत अडकवायच्या, तोच फोम. आधी कागदावर पॅटर्न. मग कटरची ब्लेड नवीकोरी, दर थोड्या वेळानं बदलायची, बोथट झाली की कड कुरतडल्यासारखी दिसते. हीट गनची हवा मारली की पृष्ठभाग जरासा चकाकतो, तेवढ्यात गुडघ्यावर दाबून बाक द्यायचा आणि गार होईपर्यंत सोडायचं नाही. दोन्ही कडांना सोल्यूशन लावून ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि एकदाच जोडायचं. चुकलं तर फोम फाटतो, जोड सुटत नाही. रंगाआधी पाणी घातलेल्या फेविकॉलचे तीन-चार हात, नाहीतर कोपर वाकवलं की रंगाला भेगा.

आता मुद्दा. २०२३ मध्ये २३ ऑगस्टला चांद्रयान-३ उतरलं आणि सप्टेंबरात गणपती आले. त्या वर्षी शहरात जिकडे तिकडे चांद्रयानाचे देखावे. आमच्या मंडळाचा लँडर मी केला, याच फोमचा. अध्यक्षांनी स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिला. त्याच हातांनी, उरलेल्या सामानातून हेल्मेट केलं, तर सोसायटीतले काका जिन्यात विचारतात, "मग, नोकरीचं काय?" नोकरी आहे हो मला. शॉप फ्लोअरला आहे, शिफ्ट सुटल्यावर करतो हे.

पेठेतला संशयात्मा

@हीटगन, तुमचं काम बघायला आवडेल, मनापासून. पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत. शाल मिळाली ती लँडर चांगला झाला म्हणून. तुम्ही 'मी गीक' अशी पाटी गळ्यात घालून फिरलात म्हणून नाही.

हीटगन

साहेब, शाल मिळाली कारण शेजारी गणपती होता.

धूमकेतू

हीटगन, हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवतो.

अर्धविराम, प्रश्नपत्रिकावाल्यांचं म्हणाल तर सहमत, ते किडे आहेतच. पण त्यांच्यामुळे घरच त्यांच्या नावावर करून द्यायचं का? उलट तुमच्यासारख्यांनी ठाण मांडून बसायला हवं.

अर्धविराम

ठाण मांडायला हरकत नाही. फक्त दर वेळी ठाण मांडायचं काम आम्हीच का करायचं, तेवढं सांगा. त्या बैठकीत चांगली वीसेक माणसं होती. एकानं जरी "अरे, बसू दे की तिला" म्हटलं असतं, तरी भागलं असतं.

नारायणगावकर

सगळं वाचलं. तुम्ही पुण्याची मंडळी पुण्यापुरतंच भांडता, म्हणून आमचेही चार शब्द.

आमच्या शेजारी खोडद. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या, एकेक पंचेचाळीस मीटर व्यासाची, काही अगदी शेतांच्या कडेला. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो तेव्हा आजूबाजूच्या शाळांतली पोरं प्रयोग घेऊन येतात, बाया-बापड्या बघायला येतात, जत्राच म्हणा ना. त्यातल्या एकालाही गीक हा शब्द ठाऊक नाही. आणि वेड काय असतं ते नारायणगावला शिकवू नका, तमाशाची पंढरी आहे ती.

माझी तक्रार वेगळी आहे. मी एकदा हौसेनं तुमच्या त्या कॅफेतल्या बैठकीसारख्याच एका बैठकीला आलो होतो. सगळं इंग्रजीत. दीडशे रुपयांची कॉफी घेऊन दोन तास बसलो. परदेशी मालिकांचे भाग नंबरानिशी पाठ असलेली हुशार पोरं, आडनावं सगळी आपलीच. मी लक्ष्मण लोंढ्यांची कथा काढली, कुणाला माहीत नाही. बाळ फोंडके? "नाव ऐकलंय." निरंजन घाटे तर पुण्याचेच, तेही नाही. मग तुमची ही ओळख म्हणजे नेमकी कशाची ओळख, धूमकेतूभाऊ? मराठी विज्ञानकथा वाचणारा तुमच्या हिशेबात गीक आहे की गावठी?

पेठेतला संशयात्मा

नारायणगावकर, पहिल्यांदाच कुणी तरी मुद्द्याचं बोललं. पण पोरांना सगळा दोष देऊ नका. आपल्या विज्ञानकथेत एक खोड आहे. सुरुवातीला रहस्य बरं जमलेलं असतं, आणि ऐन रंगात एक प्राध्यापक येतात. ते खिशातून पेन काढून नायकाला तीन पानं सिद्धान्त समजावतात, नायक मधून मधून "म्हणजे काय, सर?" एवढंच विचारतो. का? कारण आपल्याकडे हा प्रकार वाढला तो विज्ञानप्रसाराचं साधन म्हणून. वाचकाला शहाणं करून सोडायचं, ही जबाबदारी कथेच्या खांद्यावर. चांगले लेखक त्यातूनही सुटले, सुबोध जावडेकरांच्या कथांत माणसं माणसांसारखी वागतात. पण सरासरी काढली तर प्राध्यापकच जिंकतात. मालिका बघून वाढलेल्या पोरानं हे का वाचावं?

धूमकेतू

आता ऐका, संशयात्मा. हे तुम्ही जे लिहिलंत, ते मराठीत छापून किती येतं? विज्ञानकथासंग्रहाचं परीक्षण आलंच तर 'रंजनातून प्रबोधन', 'विद्यार्थ्यांना उपयुक्त', संपलं. प्राध्यापकांना तीन पानं बोलू दिलं, कारण पुढच्या रांगेत बसून "आवरा आता" म्हणणारं कुणी नव्हतं. सवाईला एखादी तान घसरली तर मागच्या खुर्चीवरचे आजोबासुद्धा मान हलवतात, आणि ते गायकाला कळतं. असा कान तयार व्हायला माणसं एका जागी बसावी लागतात, वर्षानुवर्षं, भांडत. तुम्ही पेठेतल्या खोलीत एकटे वाचून मनातल्या मनात नापसंती दर्शवलीत, तर लेखकाला काय कळणार? मला गीक लोक हवेत ते यासाठी. बाहुल्यांचं कपाट ज्याचं त्यानं बघावं.

नारायणगावकर, तुमची तक्रार मान्य. बैठक मराठीत करू. प्रत्येकानं एक मराठी कथा वाचून यायची आणि तिची चिरफाड करायची. टिळक रस्त्याच्या आसपास जागा बघतो. अर्धविराम, दारावर तुम्हीच उभ्या राहा.

अर्धविराम

दारावर कुणीच नको. आणि चहा. कॉफी नको.

पेठेतला संशयात्मा

मी येणार नाही. कथेवर काय म्हणायचंय ते लिहून पाठवीन, कुणी तरी वाचून दाखवा. नाव नारायण विनायक जगताप घाला, म्हणजे नीट ऐकतील.

सुतळीबॉम्ब

संशयात्मा येणार. लिहून ठेवा.

नारायणगावकर

तारीख ठरली की कळवा. फक्त सकाळची वेळ ठेवा. संध्याकाळची ठेवलीत तर परतताना चाकणला मी अडकणार, आणि चिरफाड करायला घेतलेली कथा तिथे गाडीत बसल्या बसल्या पुन्हा एकदा पूर्ण वाचून होईल.