मदत हवी आहे: उद्या व्हेलचा शो, पुढे बसायचं की मागे?

उंबरठा
उद्या सकाळी निघायचंय आणि घरात एकमत होत नाहीये. पटकन सांगा. व्हेलच्या शोला पुढच्या रांगांत बसायचं की मागे? पुढे पाणी उडतं हे माहीत आहे. किती उडतं? शिंतोडे की बादली? नंतर दिवसभर तिथेच फिरायचंय, मध्ये परत येता येणार नाही. व्हिडिओ बघून झालेत, त्यात सगळे नुसते किंचाळतात.

खारेवारे
कुठलं पार्क? कुठल्या महिन्यात? कोण कोण आहे बरोबर? आणि व्हेल कुठला, बेलुगा की ओर्का?

चक्रधर
ओर्का हा व्हेल नव्हेच. तो डॉल्फिनच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी. 'किलर व्हेल' हे नाव दिशाभूल करणारं आहे. निदान मराठीत तरी आपण ही चूक पुढे नेऊ नये.

टिचकी
चक्रधर, बाईंना बसायला जागा हवी आहे. पत्रिका जुळवायची नाहीये.

उंबरठा
ऑरलँडोचं सीवर्ल्ड. अजून कुठलं असणार? काळा-पांढरा. डॉल्फिन तर डॉल्फिन, तो पाणी किती उडवतो?

समईची_वात
ताई, बादली विसरा. भिंत येते भिंत. आम्ही अशाच एका पार्कात (दुसऱ्या, नाव नको) चौथ्या रांगेत बसलो होतो. ते धूड काचेच्या कडेने सावकाश येतं, आपल्याला वाटतं बघायलाच आलंय. मग अंग जरा तिरकं करतं आणि शेपटी मारतं. याची शेपटी माशासारखी उभी नसते, आडवी असते, म्हणजे फावड्याने उपसावं तसं पाणी अंगावर येतं. वर गार. ओर्कांचं पाणी साधारण १० ते १३ अंशांवर ठेवतात. श्वासच अडकतो क्षणभर. आणि खारट! तासाभराने माझी काळी ओढणी सुकली तेव्हा तिच्यावर मिठाचा पांढरा नकाशा उमटला होता. मांड्या चोळवटल्या ते वेगळंच. तरी परत गेले तर पुढेच बसेन.

निळू
मुलांची उंची घरीच मोजून जा. तिथली माको राइड ६१ मीटर उंच आहे आणि १३७ सेंमीपेक्षा कमी उंचीला घेत नाहीत. टाचा उचलून चालत नाही, आमच्या चिरंजीवांनी प्रयत्न केला होता. बाहेर उभं राहून तासभर रडला.

उंबरठा
निळू, राइडचं विचारलेलं नाही.

निळू
आत्ता विचारलं नाहीत, तिथे गेल्यावर आठवेल.

खारेवारे
महिना सांगितलाच नाहीत. उद्या म्हणजे जुलैच ना? मग ऐका. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस ठरलेला. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड्स बंद, शोचंही वेळापत्रक कोलमडतं. दुपारचा शो धरून बसाल तर कदाचित बसूनच राहाल. दिवसातला पहिला शो गाठा, अर्धा तास आधी जागा धरा. सकाळी भिजलात तर उन्हात सुकालही. ज्या सीट भिजतात त्यांवर तसं लिहिलेलं असतं, त्याच्या वर चार-पाच रांगा सोडून मधोमध बसा. खरं तर तिथूनच नीट दिसतं. पुढे बसलं की नुसती काच आणि पोट.

वाटसरू_सात
पैसे देऊन कैदी कशाला बघायचे? ऑरलँडोहून गाडीने तासाभरावर ब्लू स्प्रिंग आहे. तिथल्या झऱ्याचं पाणी बारमाही २२ अंश, त्यामुळे शेकडो मॅनेटी (समुद्रगायी) आपण होऊन येतात. लाकडी पुलावरून बघायचे, काच नाही, भोंगा नाही. माझं ऐका, बेत बदला.

खारेवारे
ते थंडीत, राजे. नोव्हेंबर ते मार्च. नदी गार झाली की ते झऱ्याच्या उबेला येतात. जुलैत नदीच कोमट असते, मग ते कशाला गर्दी करतील? यांना रिकामा झरा बघायला पाठवताय.

वाटसरू_सात
एखाद-दुसरा दिसतो.

उंबरठा
बेत बदलणार नाही, तिकिटं काढून झालीत. हे कैदी प्रकरण मात्र आमच्याही घरात आहे. मोठी (वय १३) म्हणते मी शोला पायच ठेवणार नाही. धाकट्याला (६) पहिलीच रांग हवी. आणि सासरे धाकट्याच्या बाजूने. नवरा म्हणतो मागे बसू, बाबांच्या मशीनचं काय. पण बाबा ऐकत नाहीत.

टिचकी
कसलं मशीन?

उंबरठा
कानाचं. दोन्ही कानांना आहे. लिहिलं नव्हतं का मी?

टिचकी
_/\_ नव्हतं.

बुवा_सावकाश
मग हा धागा माझा. अकरा वर्षं दोन्ही कानांत यंत्र आहे. घाम आणि भुरभुर पाऊस ही यंत्रं सोसतात, पण समुद्राचं पाणी म्हणजे शत्रू. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. बॅटरीच्या घरात, माइकच्या बारीक भोकांत बसतं आणि हळूहळू खातं. आज चालेल, पंधरा दिवसांनी कुरकुरेल.

म्हणून शो सुरू व्हायच्या आधी, सीटवर बसल्यावर नव्हे, रांगेत उभं असतानाच दोन्ही काढायची. घट्ट झाकणाची डबी, आत सिलिका जेलची पुडी. बॅटरी वेगळी निघत असेल तर काढून दार उघडं ठेवा. डबी भिजणाऱ्या माणसाकडे द्यायची नाही, हे मुद्दाम लिहितो. चुकून भिजलंच तर हेअर ड्रायर अजिबात लावू नका, उष्णतेने आतलं बिघडतं. कोरड्या फडक्याने पुसा आणि दुकानात दाखवा. शोमधला भोंगा इतका मोठा असतो की यंत्राविना त्यांना पुरेसं ऐकू येईल. मी तर मुद्दाम काढून बसतो, सुख लागतं.

अवांतर: तिथे सी लायन दिसतील. त्यांना बाहेर इवलेसे कान असतात, सीलला नुसतं भोक. माझ्या नातवाने यंत्र काढलेलं बघून मला सील ठरवलं होतं.

चक्रधर
मोठ्या मुलीचं चूक नाही. २०१० मध्ये याच पार्कात टिलिकम या नर ओर्काने प्रशिक्षिकेचा जीव घेतला. १९८३ मध्ये आइसलँडजवळ धरलेला, तेव्हा दोनेक वर्षांचा होता. त्याला दोष देणार की टाकीला? मोठ्या नराचा पाठीवरचा पर समुद्रात माणसाच्या उंचीएवढा ताठ उभा असतो. त्यात हाड नसतं. टाकीत तो एका बाजूला ओघळतो. मुलीला एवढंच दाखवा.

समईची_वात
पण त्यानंतर प्रशिक्षक शोमध्ये पाण्यात उतरत नाहीत. आणि २०१६ मध्ये कंपनीने ओर्कांची पैदास थांबवत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे आहेत ती शेवटची पिढी. टाकीत जन्मलेल्यांना आता समुद्रात सोडलं तर खातील काय? जखमी मॅनेटी सांभाळून परत सोडतात हेही तिथेच होतं.

चक्रधर
एक हात औषध लावतो म्हणून दुसरा सुटत नाही. आपल्या सरकारने २०१३ मध्येच डॉल्फिनेरियमना मनाई केली. कॅनडाने २०१९ मध्ये कायदा केला, फ्रान्सने २०२१ मध्ये. सगळे वेडे?

समईची_वात
वेडे कोण म्हणालं? उंबरठाताईंची तिकिटं निघालीत, एवढंच म्हणाले.

निळू
कॅनडात नायगाराला आम्ही गेलो होतो तेव्हा...

टिचकी
नको.

खारेवारे
शोला न येणाऱ्या मुलीला बाहेर ताटकळत ठेवू नका. तेवढ्या वेळात ती मॅनेटी बघू शकते, तिच्याबरोबर एक मोठं माणूस असू द्या. भांडण मिटेल. स्टिंग रे (चपटे पाकट मासे) कुरवाळायचे असतील तर आधी हाताचं सनस्क्रीन धुवा, ते त्यांना बाधतं. आणि पुढच्या रांगांना पायऱ्या आल्याच. सासऱ्यांचे गुडघे कसे आहेत?

उंबरठा
गुडघे एकदम ठीक. आभार सगळ्यांचे. झोपते.

उंबरठा
आलो परत. वृत्तांत थोडक्यात. पहिला शो गाठला. सासरे आणि धाकटा तिसऱ्या रांगेत, मी आणि नवरा वर. बुवांनी सांगितल्याप्रमाणे मशीन रांगेतच काढली, डबी, पुडी, सगळं. पाणी आलं तेव्हा सासरे हसत होते ते वरून दिसत होतं, आवाज येत नव्हता. धाकटा गार पाण्याने असा गारठला की रडायचंही विसरला. मोठी सासूबाईंबरोबर मॅनेटी बघत बसली होती. शेवटच्या पाच मिनिटांत आत आली, उभीच राहिली, त्या ओघळलेल्या पराकडे बघितलं आणि काही न बोलता गेली. संध्याकाळपर्यंत बोलली नाही. चक्रधर, तिला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

मशीन सुरक्षित, ठणठणीत. डबी सासूबाईंच्या पर्समध्ये होती. पण सासूबाई बाहेर आणि पर्स सासऱ्यांच्या खांद्याला, हे शो सुटल्यावर कळलं. डबीचं झाकण घट्ट होतं. पर्सचं नव्हतं. आणि त्यात पासपोर्ट होते.

पानं एकमेकांना चिकटलीत. हेअर ड्रायर चालेल का? लवकर सांगा, परवा विमान आहे.

खारेवारे
किती पासपोर्ट? फोटोचं पान भिजलंय का? शिक्के फुटलेत का? विमान कुठून कुठे?

बुवा_सावकाश
डबी भिजणाऱ्या माणसाकडे देऊ नका, असं मी मुद्दाम लिहिलं होतं.

निळू
आमच्या वेळी राशन कार्ड भिजलं होतं, तेव्हा आम्ही काय केलं सांगतो.